तुझ्या बापूचं नाव

बारामती
सोमवार, दुपार

प्रिय प्रतिक्षा,

पोस्टमननं हे पाकीट हातात दिलं तेव्हा तुला वाटलं असेल, तात्यांचं काहीतरी बिनसलं. बारामतीहून इंदापूर ते किती लांब, एसटीनं दीड-दोन तासांत येणारा माणूस, त्यानं पत्र कशाला लिहावं? फोनही मी दोनदा लावला होता. पहिल्या वेळी तू उचललास आणि मी तुझ्या आईच्या बीपीची चौकशी करून ठेवून दिला. दुसऱ्या वेळी तू वर्गावर होतीस, आणि फोन उचलला गेला नाही याचं मला इतकं बरं वाटलं की मी लगेच चहा मागितला. तुझी काकू म्हणाली, "एवढं ताडमाड माणूस आणि पोरीला घाबरतंय." घाबरतो. समोर बसून तुझ्या डोळ्यांत बघत हे सांगणं मला जमणार नाही. रेल्वेत एवढी वर्षं काढली पण रजेच्या अर्जापेक्षा मोठं काही लिहायची वेळ आली नाही, तेव्हा कुठं चुकलं तर तुझा तो मास्तरणीचा लाल पेन काढू नकोस.

तुझ्या बापूबद्दल तुझ्या मनात एक गोष्ट सोळा वर्षं रुतून बसलीय. त्यानं तुझा खेळ बंद केला तो माझा हेवा वाटून, असं तू मानत आलीस. एकदा अंगणात, चारचौघांसमोर, तू ते बोललीसही. नंतर पुन्हा बोलली नाहीस, पण तुझ्या वागण्यात ते होतंच. सणाला यायचीस, आईजवळ बसायचीस, बापूला पाण्याचा तांब्या आणून द्यायचीस, आणि त्याच्याजवळ मात्र बसायची नाहीस. आता तो नाही. त्याच्यामागे त्याच्याबद्दलचं हे खोटं तेवढं राहिलं, आणि ते पुसायचं काम माझं आहे. नुसतं "तसं नव्हतं गं" म्हणून तुला पटणार नाही, तू गणित शिकवतेस. पायऱ्या दाखवाव्या लागतील. आणि पायऱ्या दाखवायच्या म्हटलं की सगळं माझंच उघडं पडतं, म्हणून आजवर दाखवल्या नाहीत.

इकडचं म्हणशील तर बरं चाललंय. दोन्ही गुडघे आता लोखंडाचे झालेत. डॉक्टर म्हणतात, पळू नका. मी म्हणतो, पळायचं होतं तेव्हा भरपूर पळून झालं. सकाळी मुलांना शिकवायला मैदानावर जातो, खुर्ची टाकून बसतो आणि शिट्टी वाजवतो. मुलं "सर, तुम्ही देशासाठी खेळलात ना" म्हणून माझ्याबरोबर फोटो काढतात. अविराज कालच पुण्याहून येऊन गेला. त्याला बास्केटबॉलची कधीच गोडी नव्हती, उंची मात्र सगळी माझी घेतली आणि ती कॉम्प्युटरपुढं वाकून बसण्यात वाया घालवतो. जाताना त्यानं दिवाणखान्यातल्या कपाटातल्या ढाली पुसल्या आणि विचारलं, "बाबा, काका कधी खेळले होते का हो?" मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. बघ, माझ्या घरात माझ्याच मुलाला हे माहीत नाही.

तर खेळला होता. तुझा बापू खेळला होता, आणि माझ्यापेक्षा चांगला खेळला होता. आमचे आबा तेव्हा मेंढरं घेऊन फिरायचे. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि निघायचं, ते पुढच्या पावसाला परत गावी, कळंबला. आम्हा दोघा भावांचा जन्म त्या फिरतीतला. शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारली तर आमची आई, तुझी शकुआजी, म्हणाली, "थोरला झाला तवा मेंढरं नीरेच्या काठाला व्हती, धाकला झाला तवा पळसदेवाच्या रानात. तारखा तुमच्या तुमी घाला." मास्तरांनी दोघांनाही एक जून लावला आणि आमच्यात तीन वर्षांचं अंतर ठेवलं. घरात मात्र आम्हाला नावानं कुणी हाक मारलीच नाही. मी थोरला, तो धाकला. नावं ही शाळेत आणि सोसायटीत लागणारी वस्तू होती, घरातल्या घरात तिचा काही उपयोग नव्हता. हे ध्यानात ठेव, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

गावाजवळच्या कारखान्याच्या कॉलनीत बास्केटबॉलचं सिमेंटचं एक कोर्ट होतं. साहेब लोकांची मुलं तिथं खेळायची. आम्ही कुंपणाबाहेरून बघायचो आणि बॉल बाहेर आला की परत फेकायचो. धाकला फेकायचा तो थेट कड्यात. मेंढरू कळपातून फुटलं तर त्याला दगड मारायचा नसतो, त्याच्या तोंडापुढं वीतभर अंतरावर टाकायचा असतो, म्हणजे ते बिचकून मागं वळतं. ते काम धाकला सहाव्या वर्षापासून करत होता, तेही डाव्या हातानं. त्याच्यापुढं ते कडं म्हणजे काय, मेंढरासारखं पळत थोडंच होतं! मला देवानं उंची दिली, त्याला हात दिला. शाळेतल्या रतन मास्तरांनी आम्हाला दोघांना आत घेतलं. आईनं लोकरीच्या दोरीची जाळी विणून शाळेच्या कड्याला बांधली. बॉल तिच्यातून पडताना आवाज यायचा नाही, आणि धाकला दहात नऊ वेळा बिनआवाजी टाकायचा. मास्तर मला म्हणायचे, "तू खांब आहेस, पण घर त्याच्या हातावर उभं राहील."

मग सत्त्याहत्तर साल आलं. सोळा वर्षांखालच्या मुलांची जिल्ह्याची स्पर्धा होती. मेंढरांमागं माझी तीन वर्षं गेल्यामुळं मी अठराव्या वर्षी नववीत होतो, आणि धाकला पंधराव्या वर्षी आठवीत. मास्तरांना मी हवा होतो, कारण त्या वयात तेवढ्या उंचीचा पोरगा अख्ख्या जिल्ह्यात नव्हता, आणि माझं वय बसत नव्हतं. नेमका त्याच आठवड्यात धाकल्याचा पाय खुरप्यानं कापला होता आणि तो या वेळी खेळणारच नव्हता. एका संध्याकाळी मास्तर आमच्या झोपडीत आले आणि आबांना म्हणाले, थोरल्याला धाकल्याच्या दाखल्यावर खेळवतो, एका स्पर्धेपुरतं. आबांना त्यात गैर काहीच दिसलं नाही. आमच्यात एकाचा एडका दुसऱ्याच्या कळपात महिनाभर राहतो आणि परत येतो, त्यातलाच प्रकार. ते म्हणाले, "नाव कुणाचं बी लावा की. पोरं दोन्ही माजीच हायती." धाकला पाय बांधून कोपऱ्यात बसला होता. त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता सरळ सांगून टाकतो, म्हणजे तुझा गोंधळ नको. जन्मानं मानसिंग मी आहे. शंभूराज तुझा बापू. ज्या शंभूराज मारकडच्या नावाची पाटी माझ्या दारावर आहे, ज्याचं नाव वर्तमानपत्रात यायचं, ज्याच्या नावानं ढाली आहेत, ते नाव तुझ्या बापूचं आहे. लहानपणी तू एकदा विचारलं होतंस, "रेशनकार्डावर बापू मोठे आणि तात्या लहान, मग बापू तात्यांच्या पाया का पडतात?" तेव्हा मी काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेली. तू सात वर्षांची होतीस, पण बरोबर जागी बोट ठेवलं होतंस.

ती एक स्पर्धा आम्ही जिंकलो. मी दिवसातून दोनदा दाढी करून पंधरा वर्षांचा झालो होतो. तिथंच राज्याच्या संघाच्या लोकांनी मला हेरलं आणि शिबिराला बोलावलं, शंभूराज म्हणून. आता मागं कसं फिरायचं? खरं सांगितलं असतं तर मास्तरांची नोकरी गेली असती आणि माझ्यावर बंदी आली असती. मास्तर म्हणाले, थोडे दिवस जाऊ देत. त्या थोड्या दिवसांत राज्याचा संघ झाला, रेल्वेची नोकरी झाली, देशाचा संघ झाला, विमान झालं. आणि धाकल्याचा मॅट्रिकचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा एकाच तारखेचे दोन शंभूराज बोर्डात कसे जाणार? म्हणून मास्तरांनी त्याला उरलेला दाखला दिला. माझा. त्यात तो एका दुपारीत तीन वर्षांनी मोठा झाला, आणि शाळेच्या कुठल्याही स्पर्धेला त्याचं वय बसेना. पाय केव्हाच बरा झाला होता. एवढं कळूनही तो रोज कोर्टावर यायचा आणि मी सुट्टीत आलो की मला बॉल टाकायचा. मी नेम चुकवला की हसायचा, "दादा, खांदा वर घे की."

पुढं बारामतीला लष्कराची भरती आली. पळण्यात तो पहिला, छाती भरली, सगळं झालं, आणि कागदावर वय सहा महिन्यांनी जास्त निघालं. साडेअठरा वर्षांच्या पोराला म्हातारा म्हणून परत पाठवला. एसटीनं कळंबला आला, जेवला आणि मेंढरं घेऊन रानात गेला. हे मला आईनं सांगितलं, त्यानं नाही. नंतर कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस लावला आणि तो शेतकरी झाला. एकदाच त्याला या कागदाचा फायदा झाला, तो गेल्या वर्षी. एसटीत अर्धं तिकीट मिळालं. कंडक्टर आधार कार्ड बघून म्हणाला, "आबा, पासष्टचं वाटत न्हाय तुमी." हे सांगताना तुझा बापू इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो. त्याची मजा वाटली म्हणून हसलो असं मी स्वतःला सांगत होतो.

तुझ्या आईला हे माहीत आहे. तिच्यावर चिडू नकोस, तिला त्यानं शपथ घातली होती. त्यांच्या लग्नात ती उंबऱ्यावर उभी राहिली, आणि बायकांनी नाव घे, नाव घे म्हणून वाट अडवली. म्हाळसानं लाजत, छान यमक जुळवून उखाणा घेतला, आणि त्यात नाव घेतलं मानसिंगरावांचं. पत्रिकेत तेच छापलं होतं, तिला बिचारीला काय ठाऊक! नवी सून माझं नाव घेत होती आणि मी पाच हातांवर उभा होतो. आईनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. बायकांना वाटलं, तिला आनंदानं भरून आलं. धाकला मान खाली घालून उभा होता. मी मांडवातून बाहेर पडलो आणि आलेल्या पाहुण्यांबरोबर फोटोला उभा राहिलो, कारण लोकांना लग्नापेक्षा माझ्यातच जास्त रस होता.

आता तुझ्याकडं येतो. तू चालायला लागलीस तेव्हापासून तुझा हात मला ओळखीचा वाटायचा. डावखुरी, मनगट मऊ, बॉल सोडल्यावर बोटं तशीच खाली वाकलेली. तुला शिकवलं मी असं लोक म्हणतात. मी फक्त नियम शिकवले, हात तुझा बापूकडूनच आला होता. तू सोळाव्या वर्षी राज्याच्या शिबिराला निवडली गेलीस त्या दिवशी तुझ्या बापूनं गावात पेढे वाटले होते, हे तू नंतर रागात विसरलीस. आठव. पिवळ्या पिशवीतून स्वतः घरोघर गेला होता. ज्याला हेवा वाटतो तो पेढे वाटत फिरेल का?

आठ दिवसांनी कुणीतरी निनावी अर्ज केला. मुलीचं वय जास्त आहे, आणि या घरात वय चोरायची रीतच आहे, हिच्या चुलत्याचंही शाळेतलं रजिस्टर काढून बघा, असं त्यात लिहिलं होतं. तुझं वय तर चोख होतं, दवाखान्याचा दाखला होता. पण चौकशीचा माणूस शाळेत आला असता तर सत्त्याहत्तरच्या पानावर खाडाखोड दिसली असती. माझं तेव्हा राज्याच्या जीवनगौरव पुरस्कारासाठी नाव चाललं होतं, वर नोकरी होती. मला आतल्या माणसानं कळवलं, मुलीनं माघार घेतली तर अर्ज तिथंच बंद होईल. मी बापूला फोन लावला. मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, पण लिहवत नाही. तो म्हणाला, "दादा, तिचं वय खरं हाय. तिचं कशापाई?" मी रडलो. खोटं नाही, खरंच रडलो. तेव्हा तो म्हणाला, "बरं. तू न्हाई रडायचं." आणि फोन ठेवला.

पुढचं तुला माहीत आहे. त्यानं तुझा बॉल माळ्यावर टाकला आणि सांगितलं, खेळ बास, अभ्यास कर. तू अंगणात ओरडलीस, "तुम्हाला तात्यांचा हेवा वाटतो! तुम्हाला काही जमलं नाही म्हणून मलाही पुढं जाऊ देत नाही!" गडीमाणसं ऐकत होती. तो ओट्यावर बसून बैलाच्या दाव्याला गाठ मारत राहिला. दुसऱ्या दिवशी तू रडत बारामतीला माझ्याकडं आलीस. या पत्रात मला सगळ्यात जड जाणारं वाक्य हे आहे, प्रतिक्षा. मी तुझ्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणालो, "जाऊ दे, बापूचा स्वभावच तसा आहे." तुला खरं सांगायची ती वेळ होती. मी तुझ्या संशयावर माझा शिक्का मारून दिला आणि तुला आईस्क्रीम खायला नेलं. त्या वर्षी मला पुरस्कार मिळाला. तू हार घेऊन आली होतीस. बापूही आला होता, मागच्या रांगेत. टाळ्या वाजवत होता.

आता नरसिंहपूरच्या घाटावरचं. दहावा होता, चारशे माणूस जमलं, त्यातलं निम्मं माझ्या ओळखीचं. नदीच्या वाळूत पिंड ठेवले आणि भटजींनी नाव उच्चारलं, मानसिंग. माझंच नाव घेऊन ते मेलेल्याला बोलवत होते, आणि मी सोवळ्यात समोर उभा. कावळे होते, समोरच्या बाभळीवर पाच-सहा बसले होते, आणि एकही खाली उतरेना. मग नेहमीसारखं सुरू झालं. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, बोअरचं राहिलेलं काम पुरं करू. तुझी आई म्हणाली, गाईंना अंतर देणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. मग तू पुढं आलीस, हात जोडलेस आणि म्हणालीस, "बापू, मी तुम्हाला बोलले ते मनात ठेवू नका. मी चुकले. माझ्यावरचा राग सोडा आणि या." उन्हात उभी होतीस, पायात चप्पल नव्हती. तू तीनदा म्हणालीस. कावळा आला नाही. मागून आत्याबाई पुटपुटल्या, "लेकीवरचा राग काय ग्येला न्हाय त्याचा." तू ते ऐकलंस. मी तुझी मान खाली जाताना पाहिली.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले. मग श्रद्धांजलीची भाषणं झाली. प्रत्येकानं तुझ्या बापूची ओळख माझा भाऊ म्हणून करून दिली, आणि माइक माझ्या हातात आला. चारशे माणूस, पुढं तू. मी म्हणालो, "माझा थोरला भाऊ गेला." त्याच्या दहाव्यालाही मी त्याला थोरला केला. तुझ्या आईनं मान वर करून माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

त्याची इच्छा काय राहिली होती हे त्या घाटावर मला माहीत होतं. आयुष्यात त्यानं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली, तुझ्या बारशाला. पाळणा हलवून बायका जेवायला गेल्या होत्या. तू हिरव्या दुपट्यात झोपली होतीस. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, हिच्या नावाम्होरं माजं नाव लावता यील का रं? माजं म्हंजे, माजं." मी म्हणालो, बघू. तो म्हणाला, "बघ, जमलं तर." बत्तीस वर्षांत त्यानं पुन्हा विषय काढला नाही. तुझा शाळेचा दाखला, डिग्री, नोकरीची ऑर्डर, सगळीकडं तुझ्या नावापुढं मानसिंग आलं आणि माझ्या अविराजच्या नावापुढं शंभूराज. मी घाटावर पिंडापुढं एवढं म्हणायला हवं होतं की धाकल्या, तुझं नाव तुला परत देतो. कावळा उतरला असता की नाही, देव जाणे. पण मागं माझी माणसं उभी होती, कुणीतरी मोबाईल धरला होता, आणि माझी जीभ उचलली नाही. तू मात्र जे तुझं नव्हतंच ते स्वतःवर घेऊन घरी गेलीस. परवा म्हाळसाचा फोन आला, पोरगी नीट जेवत नाही, बापू रागातच गेले म्हणते. ते ऐकलं आणि लिहायला बसलो. सोबत माझ्या सहीचा कबुलीजबाब आहे. त्याची एक प्रत मी आज संघटनेला दिली, एक रेल्वेला. तुझं नाव बदलायला तो लागेल. पुढं माझं काय व्हायचं ते होईल, तू त्यात पडू नकोस. हे पत्र आत्याबाईंना वाचून दाखव, गावाला दाखव, मला उंबरा चढू देऊ नकोस, ते सगळं तुझ्या हातात. पण आज जेव. तो तुझ्यावर कधीच रागावला नव्हता, पोरी. रागवायचं होतं ते माझ्यावर, आणि तेसुद्धा त्याला जमलं नाही.

तुझाच,
मानसिंग